चार भिंतींतील पराक्रम : सलग २५२ विजयांचा महाविद्यालयीन संघ

वाशीम : अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी अमेरिकेतील एका लहानशा महाविद्यालयाच्या स्क्वॉश संघाने विजयांची अशी मालिका सुरू केली, की ती खंडित व्हायला २०१२ साल उजाडावे लागले. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहराचे ट्रिनिटी कॉलेज हे ते महाविद्यालय. त्याच्या पुरुष संघाने सलग २५२ सामने जिंकले. या यशात मुंबईच्या खेळाडूंचाही वाटा होता. कबड्डी, खो-खो आणि कुस्तीत रमणाऱ्या आपल्या भागात स्क्वॉश हा खेळ अपरिचितच म्हणावा लागेल. म्हणूनच त्याची आणि या संघाची ओळख करून घेणे उद्बोधक ठरेल.

खेळ आहे तरी कसा?

स्क्वॉशचा उगम १९व्या शतकात इंग्लंडमधील हॅरो शाळेत झाला. ब्रिटिश लष्कराबरोबर तो भारतातील छावण्यांत आणि क्लबांत आला. टेनिस वा बॅडमिंटनप्रमाणे येथे दोन खेळाडूंमध्ये जाळी नसते. दोघेही एकाच बंदिस्त कोर्टात उभे राहून समोरच्या भिंतीवर आळीपाळीने चेंडू मारतात. कोर्टाची लांबी ९.७५ मीटर व रुंदी ६.४ मीटर असते. म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टापेक्षाही त्याला कमी जागा लागते. रबरी चेंडू जेमतेम ४० मिलिमीटर व्यासाचा असून तो तापल्याशिवाय नीट उसळत नाही. त्यामुळे खेळापूर्वी तो भिंतीवर मारून गरम करावा लागतो. सध्याच्या पद्धतीनुसार प्रत्येक गेम ११ गुणांचा असतो आणि पाचपैकी तीन गेम जिंकणारा खेळाडू विजयी होतो.

अमेरिकेतील महाविद्यालयीन सामन्याची रचना मात्र सांघिक आहे. प्रत्येक संघात क्षमतेच्या क्रमाने एक ते नऊ खेळाडू असतात. पहिला पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी अशा नऊ एकेरी लढती होतात. पाच लढती जिंकणारा संघ सामना जिंकतो. येथे नवव्या क्रमांकाच्या विजयाला पहिल्या क्रमांकाच्या विजयाइतकेच मोल असते. एकच तारा संघाला तारू शकत नाही. ट्रिनिटीच्या यशाचे गमक नेमके येथे दडले आहे.

संघ कसा घडला?

पॉल असाएंटे यांनी १९९४ मध्ये ट्रिनिटीच्या प्रशिक्षकपदाची सूत्रे स्वीकारली. त्या काळी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या मातब्बर विद्यापीठांचे या खेळावर वर्चस्व होते. त्याच सुमारास अमेरिकी महाविद्यालयांनी आपला जुना कठीण चेंडूचा प्रकार सोडून जगभर प्रचलित असलेला मऊ चेंडूचा खेळ स्वीकारला. त्यामुळे इतर देशांत तयार झालेल्या खेळाडूंना तेथे वाव मिळाला. ट्रिनिटीने ही संधी साधली आणि जगाच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी आणले. भारत, पाकिस्तान, मलेशिया, स्वीडन, इंग्लंड अशा देशांचे युवक एका संघात खेळू लागले. मुंबईचे माणेक माथूर आणि विक्रम मल्होत्रा हे त्यांपैकीच.

फेब्रुवारी १९९८ मध्ये हार्वर्डकडून पराभव झाल्यानंतर हा संघ जवळजवळ चौदा वर्षे हरला नाही. १९९९ ते २०११ अशी सलग १३ राष्ट्रीय विजेतेपदे त्याने पटकावली. मालिका तुटण्याचे प्रसंग आले नाहीत असे नाही. २००९ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात प्रिन्स्टनविरुद्ध ४-४ अशी बरोबरी झाली होती. निर्णायक लढतीत पाकिस्तानचा बासित चौधरी पाचव्या गेममध्ये ०-५ असा मागे पडला होता. तेथून त्याने बाजी पलटवली आणि संघाचे विजेतेपद राखले. भारत व पाकिस्तानचे युवक तेव्हा एकाच संघाचे शिलेदार होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

अखेर १८ जानेवारी २०१२ रोजी येलने ट्रिनिटीला ५-४ असे नमविले. यातही एक योगायोग आहे. अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात सलग विजयांचा आधीचा विक्रम येलच्याच जलतरण संघाच्या नावावर होता. १९४५ ते १९६१ या काळात त्या संघाने २०१ विजय मिळवले होते. पराभवानंतर ट्रिनिटी खचली नाही. २०१३ मध्ये तिने राष्ट्रीय विजेतेपद परत मिळविले.

टीका आणि प्रश्न

या यशावर टीकाही झाली. परदेशी खेळाडू आणून जिंकण्यात कसले कौतुक, असा आक्षेप घेतला गेला. तो अगदीच निराधार नाही. परंतु इतर विद्यापीठांनीही पुढे तोच मार्ग धरला. भारताचे रमित टंडन आणि वेलवन सेंथिलकुमार हे कोलंबिया विद्यापीठाकडून खेळले. आपल्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. भारतातून तेथे पोहोचलेले बहुतेक युवक महानगरांतील आहेत. कारण स्क्वॉशची कोर्टे प्रामुख्याने मोठ्या शहरांतील क्लबांत, लष्करी संस्थांत आणि निवडक शाळांत आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल होणाऱ्या ग्रामीण युवकाच्या हाती कदाचित तेथेच पहिल्यांदा स्क्वॉशची रॅकेट येते. गुणवत्ता नव्हे, तर भिंतच आडवी येते.

पुढची वाट

भारतीय पुरुष संघाने २०१४ मध्ये इंचॉन येथे आणि २०२३ मध्ये हांगझाऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. मुंबईचा महेश माणगावकर या दोन्ही संघांत होता. हांगझाऊच्या अंतिम सामन्यात महेश हरला, तरी सौरव घोषाल आणि अभय सिंग यांच्या विजयामुळे भारताने पाकिस्तानवर २-१ अशी मात केली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजल्स ऑलिंपिकसाठी स्क्वॉशला प्रथमच मान्यता दिली.

वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांत स्क्वॉशचा समावेश असतो. म्हणजे स्पर्धेचे दार उघडे आहे. उणीव आहे ती सरावाच्या जागेची. सुमारे ६२ चौरस मीटर लाकडी जमीन, चार भक्कम भिंती आणि पुरेशी उंची असलेले छप्पर एवढ्यावर एक कोर्ट उभे राहते. पावसाळ्यात चिखल होणाऱ्या मैदानाच्या तुलनेत ते बाराही महिने वापरता येते. खर्च अर्थातच थोडा नाही. पण कारंजा, रिसोड वा मंगरूळपीरच्या एखाद्या विद्यार्थ्याला हा खेळ निदान एकदा खेळून पाहता यावा, यासाठी जिल्ह्यात एका कोर्टापासून सुरुवात व्हायला हरकत नसावी. संघाच्या नवव्या खेळाडूलाही पहिल्याइतकेच मोल असते, हा ट्रिनिटीचा धडा जिल्ह्यांनाही लागू पडतो.