पतिनामाचा संकोच : मराठी कुटुंबातील संबोधनाचा इतिहास

पत्नीने पतीचे नाव उच्चारू नये, हा मराठी कुटुंबातील संकेत सर्वपरिचित आहे. शिरगणतीचा कारकून दारात आला म्हणजे घरधन्याचे नाव मुलाने किंवा शेजारणीने सांगावे, हा प्रकार जुन्या पिढीला नवा नव्हता. या संकेताचे स्पष्टीकरण एक पक्ष ‘आदर’ या शब्दाने करतो, तर दुसरा ‘दास्य’ या शब्दाने. यांपैकी कोणताही निर्णय देण्यापूर्वी भाषिक पुरावा तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात, शिष्याने गुरूचे नुसते नाव त्याच्या पश्चातही उच्चारू नये, असा दंडक आहे. त्याच अध्यायात स्त्रियांना विवाह हा उपनयनाच्या ठिकाणी व पतिसेवा ही गुरुगृहवासाच्या ठिकाणी सांगितली आहे. ही दोन वचने एकत्र वाचली असता, पती गुरुस्थानी म्हणून त्याचे नाव वर्ज्य, असे अनुमान निघू शकते. परंतु पंडितवर्गात रूढ असलेल्या एका संस्कृत वचनात गुरूच्या नावाबरोबरच स्वतःचे, ज्येष्ठ अपत्याचे आणि पत्नीचेही नाव घेऊ नये, असे म्हटले आहे. म्हणजे निषेध दुहेरी होता, आणि व्यवहारातही पुष्कळ पुरुष पत्नीला ‘अगं’ एवढीच हाक मारीत. तेव्हा विषमता नाव टाळण्यात शोधून भागणार नाही. नावाच्या जागी काय येते, हे पाहिले पाहिजे.

येथे व्याकरणाची साक्ष स्पष्ट आहे. पती ‘अगं’ आणि ‘तू’ म्हणे. पत्नी ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ म्हणे, आणि तिचे क्रियापद आदरार्थी बहुवचनात जाई. हीच श्रेणी पुढच्या पिढीत उतरली. अनेक घरांत मूल आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणत वाढले. जवळीक कोणाशी आणि अंतर कोणाशी, हा पहिला धडा त्याला सर्वनामांनीच दिला.

तथापि संकेत पाळणारी स्त्री मुकी होती, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात रमाबाई रानडे न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. लक्ष्मीबाई टिळक १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पतीला ‘टिळक’ म्हणतात. पहिल्या योजनेत घरातील सर्वनामांचे केंद्र एकच पुरुष आहे. दुसरीत आडनावामुळे थोडे अंतर पडते, आणि त्या अंतरातून पतीच्या लहरींकडे मिस्किलपणे पाहण्याची मोकळीक मिळते. एकाच संकोचातून दोन भिन्न दृष्टी निर्माण झाल्या आहेत.

तिसरा मार्ग त्याही आधीचा आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्यानंतर उठलेल्या स्त्रीनिंदेला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. जेथे एका पुरुषाला नावाने हाक मारण्यास मज्जाव, तेथे त्यांनी समस्त पुरुषवर्गालाच थेट संबोधिले. हे धैर्य मुद्रणामुळे शक्य झाले; माजघरात जे बोलता येत नव्हते, ते छापील पानावर बोलता आले.

स्त्रीच्या स्वतःच्या नावाची कथाही येथे जोडून पाहावी लागते. यमुनेची आनंदीबाई जोशी झाली, मनकर्णिकेची लक्ष्मीबाई टिळक. विवाहाने तिचे माहेरचे नाव पुसले जाई, आणि जे नाव जिभेवर आणायचे नाही तेच कागदोपत्री तिच्या नावाच्या मध्यभागी बसे.

या निषेधाला समाजाने ठेवलेली एक वाट म्हणजे उखाणा. लग्न, मंगळागौर, डोहाळजेवण, हळदीकुंकू अशा प्रसंगी यमक जुळवून पतीचे नाव घेतले जाते. येथे ऐकणारा पती नसून जमलेला स्त्रीसमाज असतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नाव ही हाक राहत नाही; ती सौभाग्याची जाहीर नोंद होते. म्हणूनच पती निवर्तताच स्त्रीचा नाव घेण्याचा मानही संपत असे. जिवंतपणी आदरामुळे न घेतलेले नाव मृत्यूनंतर अशुभाच्या भयाने मागितले जात नसे. संकेत केवळ आदराचा असता, तर त्याला असा शेवट आला नसता.

आज अनेक तरुण दांपत्ये परस्परांना नावाने हाक मारतात. उखाणा मात्र टिकून आहे. कारण लोपले तरी रूप उरते, हा भाषेच्या इतिहासातील नित्याचा प्रकार होय. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. ठरावाने खुणा राखता येतात. परंतु हळदीकुंकवाच्या बैठकीत विधवेला ‘नाव घ्या’ असा आग्रह होईल की नाही, हे बैठकीतील स्त्रियाच ठरवतील. उखाणा केवळ खेळ उरला आहे की जुन्या श्रेणीची खूण अद्याप वाहतो आहे, याची कसोटी त्या आग्रहातच आहे.