स्प्लिटचे तरुण खेळाडू

एड्रियाटिक समुद्राच्या काठी स्प्लिट नावाचे एक जुने बंदर आहे. रोमन सम्राट डायोक्लिशिअनने बांधलेल्या राजवाड्याच्या भिंतींआड तेथे आजही कुटुंबे नांदतात. या शहरी प्लास्टिकच्या वस्तूंचा ‘युगोप्लास्टिका’ नावाचा कारखाना होता, व तेच नाव तेथील बास्केटबॉल संघाने धारण केले होते. १९८९ साली म्युनिक येथे तेल अवीवच्या मकाबी संघाला ७५-६९ असे नमवून हा संघ युरोपचा विजेता झाला, तेव्हा त्याचे मुख्य आधार टोनी कुकोच व डिनो राजा (मराठी कानाला हे नाव घरचेच वाटेल) अनुक्रमे वीस व एकवीस वर्षांचे होते.

हा चमत्कार नव्हता. युगोस्लाव्हियाच्या साखळी स्पर्धेत बेलग्रेड, झाग्रेब, साराजेव्हो, झादर या शहरांचे तोलामोलाचे संघ परस्परांशी झुंजत. साराजेव्होच्या बोस्नाने १९७९ साली, तर झाग्रेबच्या सिबोनाने १९८५ व १९८६ साली युरोपचे अजिंक्यपद मिळविले होते. शिवाय विशीची अखेर येईपर्यंत खेळाडूस सहसा परदेशी जाता येत नसे. त्यामुळे होतकरू मुलगा मुरलेल्या गड्यांशी घरच्याच मैदानावर भिडून तयार होई. मात्र त्याच्या ऐन कमाईची वर्षे त्याला न विचारता खेळाच्या खाती जमा होत, हेही नाकारता येणार नाही.

कुकोच लहानपणी टेबलटेनिस व फुटबॉल खेळे. पुढे पावणेसात फुटांहून अधिक उंची लाभूनही त्याच्या हातातील ती चपळाई गेली नाही. बेलग्रेडहून आलेल्या बोझिदार माल्कोविच या प्रशिक्षकाने अशा मुलांना बाकावर न बसविता सामन्यांचा भार त्यांच्यावर टाकला. त्यांच्या जोडीला माँटेनेग्रोचा अनुभवी इवानोविच आला, बोस्नियातील झेनित्साचा साविच आला. १९८८ ते १९९१ अशी सलग चार वर्षे देशाचे, तर १९८९ पासून सलग तीन वर्षे युरोपचे विजेतेपद स्प्लिटकडे राहिले.

तोवर दारे उघडली होती. १९८८ साली झाग्रेबचा पेट्रोविच माद्रिदला गेला, १९८९ साली बेलग्रेडचा दिवाच लॉस एंजेलिसला, तर १९९० साली राजा रोमला. १९९१ च्या एप्रिलमध्ये स्प्लिटने पॅरिस येथे तिसरे अजिंक्यपद जिंकले. जूनमध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य घोषित केले, युद्ध पेटले व ती सामायिक स्पर्धाच मोडली. कुकोच इटलीस गेला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्रोएशियाच्या संघातून त्याने व राजाने रौप्यपदक मिळविले. पॅरिसच्या अंतिम सामन्यात कुकोचसह खेळलेला साविच तेथे नव्हता. पुढे १९९५ साली ज्या युगोस्लाव्हियासाठी तो युरोपचे विजेतेपद जिंकणार होता, त्याच्या संघास त्या ऑलिंपिकमध्ये मज्जाव होता.