तार आणि पेटी : सातारा-सांगलीकडील एका वादाचा इतिहास

जुन्या वाद्यावर ज्याचा हात बसला आहे अशा वादकाने नवे वाद्यही हाती घ्यावे काय, हा प्रश्न विजेच्या वाद्यांनी प्रथम निर्माण केला, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो बराच जुना आहे. पेटी महाराष्ट्रात घरोघर शिरू लागली तेव्हाच तो उपस्थित झाला. आणि त्याचा खरा कसोशीचा विचार मुंबई-पुण्यात न होता कृष्णाकाठी, सातारा व सांगली ह्या गावी झाला. त्या काळी सातारा हे इंग्रजी अंमलाखालील जिल्ह्याचे ठाणे होते, सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती, आणि औंध पंतप्रतिनिधींचे होते. राज्ये निरनिराळी असली तरी गवय्यांना ह्या सरहद्दी कधीच अडवीत नसत.

पेटीचा मूळ पुरुष आलेक्सांद्र दबँ हा फ्रेंच कारागीर. त्याने १८४२ साली पॅरिस येथे ह्या वाद्याचे स्वामित्व नोंदविले. ती पायांनी भाता चालवावयाची पेटी होती. जमिनीवर बैठक मारून गाणाऱ्या देशात तिचा उपयोग बेताचाच झाला असता; पण कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी एका हाताने भाता व दुसऱ्या हाताने सूर अशी सुटसुटीत हातपेटी तयार केली, आणि मग तिला कोणी अडवू शकले नाही.

अडवावी तरी कोणी आणि का? सारंगीला मुख्य तारा तीन, त्याही तातीच्या. त्यांच्याखाली तरफेच्या तीसपस्तीस तारा. बोटाच्या अग्राने नव्हे, नखाच्या मुळाने तार दाबावयाची. सूर कोठे आहे हे दाखविणारा पडदा नाही, खूण नाही. हात बसण्यास आठदहा वर्षे जावयाची आणि प्रत्येक बैठकीपूर्वी सूर लावण्यातच श्रोत्यांचा धीर सुटावयाचा. उलट पेटी कपाटातून काढली की तयार. शिवाय आणखी एक कारण होते, ते स्पष्ट सांगितलेले बरे. सारंगी ही कोठीवरच्या गाण्याची सोबतीण म्हणून पांढरपेशा घरांत निषिद्ध मानली जाई. तिच्या वादकांवर हा मोठाच अन्याय होता. कारण गळ्याच्या बारीकसारीक हरकती टिपण्याचे जे सामर्थ्य त्यांच्या अंगी होते, ते त्या घरांतील कित्येक शौकिनांच्या स्वप्नातही नसेल. पेटीला असा कलंक नव्हता. घरंदाज मुलींना गाणे शिकविण्याची सोय झाली ती बव्हंशी पेटीमुळेच, हेही तितकेच खरे आहे. पेटीची निंदा करणारांनी हे ऋण सहसा मान्य केलेले नाही.

रंगभूमीने मात्र ह्या प्रश्नाचा निकाल व्यवहारी बुद्धीने लावला. विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा हातपेटीचा जन्मही झालेला नव्हता; पुढे संगीत नाटकांचा जोर वाढला तेव्हा पाचसातशे माणसांच्या मांडवात ऐकू जाईल असे साथीचे वाद्य अवश्य झाले. नागठाण्याच्या राजहंस घराण्यातील बालगंधर्वांनी आपल्या मंडळीत ऑर्गन ठेविला, पण सारंगी काढून टाकली नाही. हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर आणि कादरबक्ष सारंगीवर, अशी ती जोडी होती. ऑर्गनने सूर भरून काढावा आणि सारंगीने गळ्याची पाठ सोडू नये, अशी त्यांतील कामाची वाटणी. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे तेथे कोणाला वाटले नाही.

परंतु शास्त्राची दृष्टी असणारास एवढ्याने समाधान होईना. पेटीचा दोष तिच्या आवाजात नसून तिच्या मापात आहे. युरोपियन पद्धतीप्रमाणे तिचे सप्तक बारा समान भागांत वाटलेले असते. षड्जाची सेकंदास २४० कंपने धरली, तर गळ्याला व तारेला जो शुद्ध गांधार स्वाभाविक वाटतो तो ५:४ ह्या प्रमाणाने बरोबर ३०० वर येतो. पेटीवर तो ३०२ च्याही थोडा वर असतो. ५:३ ह्या प्रमाणाचा धैवत ४०० वर यावयाचा, तो पेटीवर ४०३ च्या पुढे जातो. पंचम मात्र ३६० चा जवळजवळ ३६० च राहतो. दोनचार कंपने म्हणजे काय मोठेसे, असे वाचताना वाटेल. परंतु उत्तम मिळविलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार आपोआप ऐकू येतो, त्याच्याजवळ पेटीचा गांधार धरून पाहावा. दोघांची झटापट कानाला तत्काळ कळते.

ही झटापट मिटविण्याचे ज्यांनी मनावर घेतले ते कृष्णाजी बल्लाळ देवल. डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले हे गृहस्थ सांगलीचे. पेन्शन घेतल्यावर माणसे तीर्थयात्रा करितात. देवलांनी श्रुती मोजावयास घेतल्या. अहोबलाच्या ‘संगीत पारिजात’ ग्रंथात वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांची स्थाने दिलेली आहेत. तारेच्या मोजणीचा तोच मार्ग धरून त्यांनी बावीस श्रुतींचा हिशेब बसविला, आणि १९१० साली ‘द हिंदू म्यूझिकल स्केल अँड द ट्वेंटीटू श्रुतीज’ ह्या इंग्रजी पुस्तकात तो प्रसिद्ध केला. त्यांना सोबती मिळाला तो इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स. १९११ साली साताऱ्यास ‘फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था निघाली, तिचे हे दोघे आधारस्तंभ. त्याच सुमारास लंडनच्या मूर आणि मूर ह्या कारखान्याकडून देवलांच्या मापाची श्रुतिपेटी बनवून घेण्यात आली. क्लेमंट्सचा भारतीय संगीतावरील ग्रंथ १९१३ साली लंडनला छापला गेला. एक सेवानिवृत्त ब्राह्मण अंमलदार आणि एक इंग्रज न्यायाधीश साताऱ्यात बसून गांधाराच्या दोन कंपनांचा न्याय करीत आहेत, हे दृश्य त्या काळच्या राजकारणाच्या धामधुमीत चमत्कारिक वाटले असेल; पण ह्या उद्योगात दोघांचीही तळमळ खरी होती.

न्यायाला साक्षीदार लागतो. तो होता किराण्याचा अब्दुल करीम खाँ. सारंगी आणि बीन ह्या दोन्ही वाद्यांचे संस्कार घेऊन गायक झालेला हा पुरुष. पुढे मिरज हेच त्याचे घर झाले, आणि १९३७ साली मृत्यूनंतर मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातच त्याला विश्रांती मिळाली. देवलांनी मोजण्यासाठी सूर घेतले ते ह्याच्या गळ्यातले. आपल्या गोष्टीचे मर्म येथे आहे. पेटी सुधारावयाची होती, परंतु तिच्या सुधारणेचे माप पेटीवाल्याकडे नव्हते. ते तारेवर तयार झालेल्या कानाकडून उसने घ्यावे लागले.

मग ती श्रुतिपेटी चालली का नाही? १९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे हा विषय निघाला. पंडित भातखंड्यांना देवल-क्लेमंट्सांची श्रुतिगणना मान्य नव्हती, आणि परिषदेत तिचा पाडाव झाला. पंडितांचे एकमेकांवरील आक्षेप येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. श्रुतिपेटी मागे पडण्याचे कारण परिषदेतील मतांपेक्षा तिच्या घडणीतच अधिक होते. बाराच्या जागी बावीस सूर केले तरी ते ठिकाणच्या ठिकाणी खिळलेलेच. दरबारीचा कोमल गांधार आंदोलित होतो, तो एका जागी उभा नसतोच. मींड ही दोन श्रुतींमधील वाट आहे, आणि पेटीला पायऱ्या आहेत, वाट नाही. त्याहून मोठी अडचण वादकाची. कोणत्या रागात कोणती श्रुती दाबावी हे ज्याला कळते, त्याचा कान तारेवर तयार झालेला असतो. त्याला ह्या पेटीची गरज थोडीच भासणार! आणि ज्याला गरज आहे त्याला ती वाजविता येणार नाही. अलीकडच्या काळात मुंबईचे डॉ. विद्याधर ओक ह्यांनीही बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. तिची करामत कौतुकास्पद खरी, पण हा पेच तिलाही टळलेला नाही.

देवलांचा प्रयत्न व्यर्थ गेला असे मात्र म्हणता येत नाही. पेटीचा गांधार चढा आहे ही गोष्ट तोवर कानाची कुरकुर होती. त्यांनी ती आकड्यांवर आणली.

त्यानंतर हा वाद सरकारदरबारी गेला. ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून पेटीला आपल्या केंद्रांवरून हद्दपार केले. दिल्ली केंद्रावरील इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स ह्याने तिच्याविरुद्ध लेखणी चालविली होती, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनीही तिला बंदी घालण्याची बाजू उचलून धरली होती. बंदी १९७१ च्या सुमारास सैल झाली, तीही प्रथम साथीपुरती. ह्या तीस वर्षांत नभोवाणीवर गवयाच्या मागे सारंगी किंवा व्हायोलिन वाजे. पेटीवाल्यांवर हा जुलूम होता हे निःसंशय. गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवादकाने ज्या महाराष्ट्रात भास्करबुवा बखल्यांची साथ केली, तेथे तर तो फारच बोचला. पण ज्या सारंगियांची पुढची पिढी धंदा सोडण्याच्या बेतात होती, त्यांच्यापैकी अनेकांना ह्याच बंदीमुळे केंद्रावर पगाराची नोकरी मिळाली. जुलूम एकाला, अन्न दुसऱ्याला, असा तो प्रकार होता.

व्हायोलिनचे उदाहरण ह्या वादात फार बोधप्रद आहे. तेही परदेशीच, पेटीइतकेच साहेबी. तरी त्याच्याविरुद्ध ओरड झाली नाही. औंध दरबारचे गवई अंतूबुवा जोशी ह्यांचे चिरंजीव गजाननबुवा (१९११–१९८७) हे ख्यालगायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते. श्रीधर पार्सेकरांसारखा शिष्य त्यांनी ह्या वाद्यावर तयार केला. चार तारांच्या त्या वाद्यावर पडदे नाहीत. गळ्यातला गांधार जसाच्या तसा तेथे काढिता येतो. म्हणून गजाननबुवांना एका वाद्यासाठी दुसऱ्याशी बेइमानी करावी लागली नाही. वाद्य परके की देशी हा भेद फसवा आहे. वाद्य सूर शोधावयास लाविते की तयार देते, हा भेद खरा.

युरोप-अमेरिकेतही पुढे हेच घडले. १९५१ साली लिओ फेंडर ह्या अमेरिकन कारखानदाराने विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली. माणसाहून उंच, उभा धरावयाचा डबल बेस वाजविणाऱ्यांपुढे तेव्हा हाच पेच पडला. जुन्या वाद्यावर पडदे नाहीत, नव्यावर आहेत. जुने वाहून नेण्यास गाडी हवी, नवे खांद्याला अडकविता येते. आणि मोठ्या सभागृहात जुन्याचा आवाज नव्यापुढे टिकत नाही. पुष्कळांनी पोटासाठी दोन्ही जवळ केली. तसे करण्यात कमीपणा मानावयाचा, तर बालगंधर्वांच्या मंडळीलाही तो लावावा लागेल! ज्याने पडद्याविना सूर शोधण्याची सवय आधी लावून घेतली, त्याला पडद्याचे वाद्य बिघडवीत नाही. उलट क्रमाने जो आला त्याची वाट मात्र बिकट होते. सारंगियाने पेटी घेतली तर चालेल. आपल्याकडे दुःखाची गोष्ट ही झाली की सारंगियाने पेटी घेतलीच नाही. त्याला काढून त्याच्या जागी दुसराच माणूस बसला. सारंगी वाचली ती राम नारायण ह्यांच्यासारख्यांनी तिला साथीतून उठवून स्वतंत्र वादनाच्या आसनावर बसविली म्हणून. साथीची सारंगी महाराष्ट्रात आज क्वचितच ऐकू येते.

आणि विजेची पाळी शेवटी मिरजेवरही आलीच. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे तंतुवाद्ये घडवू लागले. फरीदसाहेबांपासून पिढ्यानुपिढ्या तो कसब त्यांच्या घरांत चालत आला आहे. पंढरपूरकडचा भोपळा वर्षानुवर्षे वाळवून घ्यावयाचा, तुणीच्या लाकडाची दांडी जोडावयाची, आणि सर्वांवर कडी म्हणजे जवारी. १९७९ साली बंगलोरच्या राज नारायण ह्यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला, आणि पुढे तर तो दूरध्वनीच्या यंत्रातही येऊन बसला. एकट्या विद्यार्थ्याला रियाझास तो फार सोयीचा. प्रवासात त्याच्यासारखा सोबती नाही. मात्र ज्या विद्यार्थ्याने खरा तंबोरा कधी मिळविलाच नाही, त्याला स्वयंभू गांधार म्हणजे काय हे कोणत्या यंत्राने सांगावे?

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कागदाने गिऱ्हाईक वाढेल की नाही हे बाजार ठरवील. जवारीचे काम मात्र अजूनही पूर्वीसारखेच चालते. कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानसेने किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी ह्यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवीत जातो, आणि खर्जातून गांधार निघाला की हात थांबवितो.