कथा कोणाच्या मुखातून?

भयाण समाजव्यवस्थेचे चित्र रेखाटणारी कादंबरी म्हटली की आपल्यापुढे प्रथम पाश्चात्य नावे उभी राहतात. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेल्या कादंबरीचे नावच 'आम्ही' असे आहे. माणसांना नावांऐवजी क्रमांक असलेल्या त्या राज्याची हकीगत डी-५०३ हा अभियंता रोजनिशीत सांगतो. तो राज्याचा निष्ठावंत सेवक आहे. म्हणूनच त्याच्या मनातील पहिली शंका वाचकाला हादरवून सोडते. जॉर्ज ऑर्वेलने मात्र १९४९ च्या '१९८४' मध्ये तृतीयपुरुषी निवेदन पत्करले, आणि ते योग्यच झाले. अखेरीस विन्स्टनचे मन त्याचे उरत नाही. त्याने स्वतः कथा सांगितली असती, तर पराभवालाच त्याने विजय म्हटले असते.

मराठी लेखकांना अशा जगासाठी भविष्यकाळात जावे लागले नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षांत कोण घेतो!' क्रमशः प्रसिद्ध झाली. लेखक पुरुष, पण बोलते ती यमू. तिऱ्हाईत निवेदकाने बळजबरीच्या केशवपनाच्या प्रसंगी सुधारणेचे व्याख्यान झोडले असते. यमूजवळ व्याख्यान नाही, भोगलेले आयुष्य आहे. ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, त्याच जिव्हाळ्याच्या घरगुती भाषेत ती आपल्यावरील जुलूम सांगते. त्यामुळे तो परक्यांचा जुलूम म्हणून वाचकाला झटकून टाकता येत नाही.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) मध्ये प्रश्न अधिक अवघड होतो. महायुद्धाच्या उंबरठ्यावर युरोपातून निघालेल्या बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत. त्यांत हॅर्टा आहे. पण निवेदक आहे चक्रधर विध्वंस, ज्याला मुंबईस उतरता येते. घर असलेला माणूस बेघरांची कथा सांगतो, हेच त्या कादंबरीचे शल्य होय. हॅर्टाचा आवाज पुढे तिच्या पत्रांतून ऐकू येतो, तेव्हा चक्रधराच्या निवेदनात काय मावले नव्हते ते उमगते.

हा विचार आम्हां बेंगळूरकर मराठी मंडळींस परका नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे नगर केंपेगौडांच्या वंशजाकडून जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. आम्ही ही हकीगत अभिमानाने सांगतो. ज्यांच्या हातून नगर गेले, त्यांच्या मुखी तीच हकीगत निराळी होईल. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकातही 'आम्ही' हा शब्द पानोपानी येईल. त्या 'आम्ही'त सभागृहाच्या व्यासपीठावर बसलेले आहेत, तसे पडद्यामागे पंगतीची भांडी घासणारेही असावेत. त्यांची कथा आम्ही आपुलकीने सांगू शकू. परंतु ती त्यांच्याच मुखातून येईल, तेव्हाच मंडळाचा इतिहास पुरा होईल.