बैलगाडीचे चाक : लोखंडी धाव व रबरी टायर

लाकडी चाकाच्या परिघावर तापवून घट्ट बसविलेल्या लोखंडी कड्यास मराठीत धाव म्हणतात. दख्खनच्या पठारावरील बैलगाडी सु. शंभर वर्षे या धावेवरच चालली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तिच्या जागी हवा भरलेला रबरी टायर येऊ लागला आणि शेतकऱ्यापुढे निवडीचा एक नवा प्रश्न उभा राहिला. हा प्रश्न केवळ जुन्या व नव्या वस्तूंमधील नव्हता. एका ऋतूत उपकारक ठरणारे चाक दुसऱ्या ऋतूत अडचणीचे होते, आणि चुकीच्या निवडीचे ओझे शेवटी बैलाच्या खांद्यावर पडते.

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट आणि त्याच्या भोवतालचा मुलूख या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेल्या या भागात माथ्यावर मुरमाड, दगडगोट्यांची माळराने, तर ओढ्यानाल्यांच्या काठी खोल काळी जमीन आढळते. शेतातून निघालेल्या गाडीस गावी पोहोचेपर्यंत बहुधा या दोन्ही प्रकारच्या भूमीवरून जावे लागते. मे महिन्यात काळ्या जमिनीस हात घालता येईल अशा भेगा पडतात आणि जुलैत तीच जमीन चिकट चिखल होऊन चाकास बिलगते. मुरमाड वाट मात्र पावसातही टणक राहते. एकच चाक या सर्व अवस्थांत सारखेच काम देईल, अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

मुळात या भागात गाडीचा प्रसार फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत धान्य, मीठ व कापूस यांची दूरची वाहतूक वंजारी व लमाण यांच्या पाठाळ बैलांच्या तांड्यांनी होई. याच टापूतील खर्डा येथे १७९५ मध्ये मराठे व निजाम यांची लढाई झाली, तेव्हाही सैन्याची रसद मुख्यतः बैलांच्या पाठीवरूनच येत असे. ज्या थोड्या गाड्या होत्या, त्या बोजड व भरीव चाकांच्या होत्या. १८३०–४० या दशकात इंदापूर व माढा भागांत महसुली मोजणीचे काम चालू असताना त्या कामावरील लेफ्टनंट गेसफर्ड यांनी सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे आरे असलेल्या चाकांच्या सुधारित गाड्या बांधविण्याचा उपक्रम हाती घेतला. पुढे हलकी, दोन बैलांची गाडी दख्खनमध्ये सर्वत्र रूढ झाली. बार्शीची पेठ वाढली तीही या गाड्यांच्या वर्दळीवर. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली व १९११ मध्ये ती लातूरपर्यंत गेली. या अरुंदमापी रेल्वेची रचना करताना कॅल्थ्रॉपने एंजिन असो वा वाघीण, प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, असे बंधन पाळले होते. चाक कसे आहे यापेक्षा त्यावर किती भार येतो, हे त्याने आधी ठरविले. बैलगाडीच्या बाबतीत हा विचार फार उशिरा झाला.

धावेचे चाक ही सुतार व लोहार यांची संयुक्त निर्मिती होय. मध्यभागी तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले वक्र पुठे, असे त्याचे मुख्य भाग असतात. या भागात त्यासाठी बाभळीचे लाकूड विशेष पसंत केले जाई, कारण ते चिवट असते व शेताच्या बांधावरच मिळते. धावेचा परीघ चाकाच्या परिघाहून किंचित कमी ठेवतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापविली म्हणजे प्रसरण पावते. मग चार जणांनी सांडशीने उचलून ती चाकावर चढवावयाची, घणाचे ठोके द्यावयाचे आणि लाकूड पेट घेण्याच्या आत पाणी ओतावयाचे. थंड होताना आकुंचन पावलेली धाव पुठे, आरे व तुंबा यांना एकमेकांत आवळून टाकते. या चाकात खिळ्यांहून या आवळण्याचेच बळ अधिक असते. उष्णतेने धातूच्या आकारमानात होणाऱ्या बदलाचा इतका नेमका उपयोग करणाऱ्या कारागिरांना त्याचे गणित कोणी शिकविले नव्हते, हे विसरता येत नाही.

परंतु हे बळ ऋतूवर अवलंबून असते. उन्हाळ्यात लाकूड वाळून आक्रसते, आरे खिळखिळे होतात व धाव सैल पडते. अशा वेळी चाके काढून ओढ्याच्या डोहात किंवा विहिरीजवळच्या खड्ड्यात भिजत ठेवण्याची रीत होती. पाण्याने लाकूड फुगले की धाव पुन्हा घट्ट बसे. अवर्षणाच्या वर्षी डोहच आटल्यावर हा उपायही उरत नसे. पावसाळ्यात मात्र चाक आपोआप घट्ट राही. मोठा व्यास व अरुंद काठ यांमुळे ते थोडा चिखल कापीत खालच्या टणक थरावर टेकत असे. चिखल खोल असला तर तेच चाक सुरीसारखे रुतून बसे. म्हणजे धावेचे चाक सर्व ऋतूंत चालणारे होते, पण कोणत्याही ऋतूत निर्दोष नव्हते.

धावेवर पहिला आक्षेप शेतकऱ्याने नव्हे, तर रस्ते बांधणाऱ्यांनी घेतला. खडी व मुरूम दाबून केलेल्या रस्त्यावर गाडीचा सारा भार लोखंडाच्या अरुंद पट्टीवर येई व खडी चिरडून खोल चाकोऱ्या पडत. त्याच रस्त्यावर मोटारी धावू लागल्या तेव्हा त्यांच्या वेगवान रबरी चाकांनी खडीला धरून ठेवणारी बारीक माती उडून जाऊ लागली. लोखंड खडी फोडी आणि रबर तिचे बंधन सैल करी. दोहोंनी मिळून रस्ता खराब केला, परंतु ठपका प्रामुख्याने बैलगाडीवर आला. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने रस्त्यांच्या विकासाचा विचार देशाच्या पातळीवर केला. तिच्या शिफारशींवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून केंद्रीय मार्ग निधी उभारण्यात आला व १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. निधी पेट्रोलमधून आल्यामुळे रस्ता कोणाच्या सोयीचा व्हावा याचा कल ठरून गेला. यानंतर ‘गाडीचे चाक सुधारा’ हा आग्रह वाढत गेला.

हवा भरलेल्या रबरी टायरची कल्पना मुळात जनावराने ओढावयाच्या गाडीसाठीच निघाली, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये तिचे एकस्व मिळविले आणि लंडनमध्ये घोडागाडीवर तिचे प्रयोग करून ओढीस लागणारे बळ कमी होते, हे दाखविले. त्या काळी हे टायर महाग पडल्याने कल्पना मागे पडली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे ती सायकलीसाठी पुन्हा शोधून काढली. १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे डनलॉप कंपनीचा कारखाना सुरू झाला. बैलगाडीसाठी खास टायर निघाले आणि महाराष्ट्रात रबरी चाकाच्या गाडीस ‘डनलॉप गाडी’ किंवा ‘टायरगाडी’ हेच नाव पडले. हे टायर सामान्यतः १९ इंच (सु. ४८ सेंमी.) व्यासाच्या लोखंडी चाकावर बसतात. जुन्या मोटारींची व विमानांची टाकाऊ चाकेही देशात या कामी वापरली गेली.

मोटारींच्या क्षेत्रात हीच निवड वेगळ्या रूपाने पुढे आली. फिनलंडमध्ये १९३४ मध्ये बर्फासाठी खास टायर तयार झाला. अमेरिकेत १९७७ मध्ये गुडइयर कंपनीने सर्व ऋतूंत चालणारा टायर बाजारात आणला. वेगवान क्रीडामोटारीस मात्र तिच्या चालकाला उन्हाळी टायर लागतो. त्याचे मऊ रबर उबदार रस्त्यास चांगले चिकटते, परंतु तापमान सु. ७° से.च्या खाली गेले की ते ताठर होऊन पकड सोडते. सर्व ऋतूंच्या टायरचे रबर थंडीतही लवचिक राहते; त्याची किंमत म्हणून उन्हाळ्यात वळणावर व ब्रेक लावताना पकड थोडी कमी मिळते. मराठवाड्यातील दिवसाचे तापमान हिवाळ्यातही बहुधा या मर्यादेच्या बरेच वर असते. त्यामुळे येथील मोटारमालकाने थंडीपेक्षा पाण्याचा विचार करणे इष्ट. टायरच्या खाचा पुरेशा खोल असल्या तरच पावसाळ्यात चाकाखालचे पाणी बाजूला सारले जाते. युरोपातील वर्गवारी येथे जशीच्या तशी लागू पडत नाही, तशीच बैलगाडीच्या टायरचीही डांबरी सडकेवरील गुणवत्ता शेतवाटेस लागू पडत नाही.

टायरगाडीचे गुण खडबडीत वाटेवर व नांगरटीत सर्वाधिक दिसून येतात. रुंद व लवचिक चाक मातीत कमी रुतते, दगडाचा धक्का स्वतः पचविते आणि बैलाच्या मानेस बसणारे हिसके कमी करते. सपाट, टणक सडकेवर मात्र दोन चाकांतील फरक बराच घटतो; तेथील सुलभता टायरपेक्षा आसाच्या बॉल बेअरिंगमुळे अधिक येते. दोषही तितकेच खरे आहेत. बाभळीचे काटे विखुरलेल्या वाटेवर नळी फुटते आणि रानात ती सांधावयास कोणी नसते. ओल्या काळ्या मातीत गुळगुळीत झालेला टायर बाजूला घसरतो. घाटाच्या उतारावर हलकी फिरणारी गाडी बैलांच्या अंगावर येते, म्हणून तीस ब्रेक आवश्यक ठरतो. जुनी गाडी करकरत का होईना, आसाच्या घर्षणाने काहीशी आवरली जाई.

याहून महत्त्वाचा भेद व्यवहाराचा होता. धावेच्या चाकाची डागडुजी गावातील सुतार-लोहार करीत व त्याचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या धान्यातून देत. टायरला रोख पैसा लागे, तोही एकरकमी, आणि तो बाजारच्या गावी जाऊन द्यावा लागे. कोरडवाहू शेतकरी पुष्कळ काळ धावेस धरून राहिला, तो केवळ रूढिप्रियतेमुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या घरी वर्षातून एकदाच धान्य येते, त्याला धान्यात फेडता येणारे चाकच परवडणार.

टायरगाडीचा खरा प्रसार साखर कारखान्यांनी केला. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ऊस गाळणाऱ्या कारखान्यांचे जाळे वाढले. बीड, धाराशिव व अहिल्यानगर जिल्ह्यांतील अवर्षणग्रस्त गावांतून, म्हणजेच भूमसारख्या तालुक्यांतूनही, मजुरांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जाऊ लागली. त्यांच्यात स्वतःची गाडी असलेले, केवळ बैल आपले व टायरगाडी कारखान्याची असे, आणि डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरणारे, असे तीन वर्ग पडले. दुसऱ्या वर्गाला चाकाची निवड उरलीच नाही. गाडी कारखान्याची, मजुरी टनाच्या हिशेबाने आणि उचल फेडावयाची, यामुळे गाडीवर दोन टनांहून अधिक ऊस चढविला जाऊ लागला. रबराने ओढीत जी बचत केली, ती वाढीव भारात संपून गेली. सडकेवर घसरून पडलेले बैल आणि जू घासून सोललेल्या माना हे दृश्य गळीत हंगामात अपवादात्मक राहिले नाही.

कायद्यालाही हा संबंध ठाऊक होता. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत मोठ्या बैलासाठी हवाई टायर नसलेल्या दुचाकी गाडीस ९०० किग्रॅ., टायर असलेल्या गाडीस १,३५० किग्रॅ. व बॉल बेअरिंग असलेल्या गाडीस १,८०० किग्रॅ. अशी कमाल मर्यादा घातली आहे. सुधारित चाकाचा लाभ बैलाला विश्रांतीच्या रूपाने मिळावा, असा या तक्त्याचा आशय नाही; तो लाभ अधिक मालाच्या रूपाने मालकास मिळावा, असेच तो सुचवितो. बंगलोर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे संस्थापक संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतरच्या दशकात बैलगाडीच्या आधुनिकीकरणाचा पाठपुरावा केला. केवळ टायर बदलून भागणार नाही, जू व आस यांचीही रचना बदलली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

अलीकडे ऊसवाहतुकीत ट्रॅक्टरने बैलांची जागा बऱ्याच प्रमाणात घेतली असून त्याच टायरगाड्या ट्रॅक्टरमागे एकापाठी एक जोडलेल्या दिसतात. ज्या गाड्या अद्याप बैलांवर चालतात, त्यांच्यासाठी २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ‘सारथी’ नावाची जोडणी तयार केली. तीत दोन बैलांच्या मध्ये, जुवाखाली एक तिसरे लहान चाक बसविलेले असते. मानेवर येणारा भार त्या चाकावरून जमिनीस जातो.