नवउद्योजक परिषद

नवउद्योजक परिषद किंवा स्टार्टअप परिषद म्हणजे नव्याने स्थापन झालेल्या व वाढीच्या अवस्थेतील कंपन्यांचे संस्थापक, गुंतवणूकदार, मोठे उद्योग, शासकीय विभाग आणि शैक्षणिक संस्था यांना एकत्र आणणारा व्यावसायिक मेळावा होय. भांडवल, ग्राहक, सहकारी व मार्गदर्शक मिळवणे हा अशा परिषदांना उपस्थित राहण्याचा प्रमुख हेतू असतो. महाराष्ट्रात २०१८ पासून राज्य शासनही अशा उपक्रमांचे आयोजन करते. नांदेड, लातूर यांसारख्या महानगरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांतील उद्योजकांसाठी या परिषदांना विशेष महत्त्व आहे.

== स्वरूप ==
परिषदेचे सामान्यतः चार भाग असतात : व्याख्याने व परिसंवाद, उत्पादनांचे प्रदर्शन, सादरीकरण स्पर्धा आणि प्रत्यक्ष भेटीगाठी. सादरीकरणास बोली भाषेत 'पिच' म्हणतात. त्यात संस्थापक काही मिनिटांत समस्या, तिच्यावरील उपाय, बाजारपेठ, उत्पन्नाचा मार्ग, सहकाऱ्यांची पात्रता व निधीची गरज मांडतो आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. गुंतवणुकीचा निर्णय सहसा परिषदेत होत नाही. तेथे ओळख होते आणि हिशेबांची व कागदपत्रांची छाननी त्यानंतर सुरू होते.

== पार्श्वभूमी ==
भारतीय वंशाच्या उद्योजकांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅलीत स्थापन केलेल्या 'टाय' या संस्थेच्या परिषदांमुळे हा प्रकार भारतीय उद्योजकांच्या परिचयाचा झाला. भारतात १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' उपक्रम सुरू झाल्यावर अशा मेळाव्यांना शासकीय पाठबळ मिळाले. १६ जानेवारी हा दिवस २०२२ पासून 'राष्ट्रीय स्टार्टअप दिन' म्हणून पाळला जातो. मार्च २०२४ मध्ये नवी दिल्लीतील भारत मंडपम येथे 'स्टार्टअप महाकुंभ' ही राष्ट्रीय परिषद भरली.

== महाराष्ट्रातील उपक्रम ==
महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये नाविन्यपूर्ण स्टार्टअप धोरण स्वीकारले. त्याच्या अंमलबजावणीसाठी कौशल्य विकास विभागाच्या अंतर्गत महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी काम करते. सोसायटीने जून २०१८ मध्ये पहिला 'महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताह' आयोजित केला. या उपक्रमात निवडलेल्या १०० स्टार्टअपना सादरीकरणाची संधी मिळते आणि विजेत्या २४ स्टार्टअपना शासकीय कार्यादेश दिले जातात. पारितोषिकाऐवजी काम देण्याची ही पद्धत नव्या कंपनीला उपयोगी ठरते, कारण शासनासारखा पहिला ग्राहक दाखवता आल्यास पुढील ग्राहक मिळवणे सोपे जाते.

२०२२ मध्ये 'महाराष्ट्र स्टार्टअप व नाविन्यता यात्रा' काढण्यात आली. तिचे तीन टप्पे होते : फिरत्या वाहनाद्वारे तालुका पातळीवर जनजागृती, जिल्हास्तरीय प्रशिक्षण व सादरीकरण सत्र, आणि राज्यस्तरीय अंतिम स्पर्धा. कृषी, शिक्षण, आरोग्य, शाश्वत विकास, पायाभूत सुविधा, ई-प्रशासन इत्यादी क्षेत्रांतील कल्पना मागवण्यात आल्या. नोंदणीकृत कंपनी नसतानाही केवळ कल्पनेच्या बळावर सहभागी होता येणे हे या यात्रेचे वैशिष्ट्य होते.

खासगी क्षेत्रात, छत्रपती संभाजीनगर येथे उद्योजकांच्या पुढाकाराने उभे राहिलेले 'मॅजिक' हे केंद्र मराठवाड्यातील नवउद्योगांना साहाय्य करते. माधवराव भिडे यांनी स्थापन केलेला सॅटर्डे क्लब आणि मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये स्थापन केलेली दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री (डिक्की) या संस्थांच्या बैठकांतूनही मराठी उद्योजकांचे परस्परसंबंध वाढले.

== नांदेड व लातूर ==
नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (स्थापना १७ सप्टेंबर १९९४) नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्यापीठांवर नवसंशोधन व नवउद्योग संवर्धनाची जबाबदारी टाकली. नांदेडच्या विष्णुपुरी भागातील श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (१९८१) आणि लातूर येथील विलासराव देशमुख कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय या संस्थांमुळे तांत्रिक मनुष्यबळ उपलब्ध होते.

या भागातील व्यवसायकल्पनांचा आधार मुख्यतः शेती व पाणी हा आहे. लातूर ही सोयाबीन व तुरीची मोठी बाजारपेठ आहे, तर नांदेड परिसरात केळी व हळद महत्त्वाची आहे. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोली चिंच, बोरसुरी तूरडाळ व कास्ती कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागल्यामुळे लातूरची टंचाई देशभर चर्चिली गेली. गळती शोधणे, पाण्याचे मोजमाप, सूक्ष्म सिंचन आणि धान्य प्रक्रिया हे विषय त्यामुळे येथील उद्योजकांच्या अनुभवातले आहेत.

अंतर ही प्रमुख अडचण आहे. मुंबईतील एक दिवसाच्या परिषदेसाठी नांदेड किंवा लातूरच्या उद्योजकाचे दोन रात्री रेल्वेप्रवासात जातात. नांदेडहून हैदराबाद मात्र पुण्यापेक्षा जवळ आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. हैदराबादचे 'टी-हब' हे नवउद्योग केंद्र (२०१५) त्यामुळे नांदेडकरांच्या आवाक्यात येते. परंतु महाराष्ट्राच्या योजनांसाठी राज्यातील संस्थांशीच संपर्क ठेवावा लागतो.

== बौद्धिक संपदेचे संरक्षण ==
परिषदेतील सादरीकरण हे जाहीर प्रकटीकरण ठरू शकते. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० नुसार पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो. अर्जापूर्वीच तो जाहीर झाल्यास हक्क धोक्यात येतो. कलम ३१ मध्ये प्रदर्शनांसाठी १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच मर्यादित आहे. त्यामुळे महाविद्यालयातील वा जिल्ह्यातील स्पर्धेला ही सवलत आपोआप लागू होत नाही. सादरीकरणापूर्वी तात्पुरत्या विनिर्देशासह अर्ज दाखल करून पुढील १२ महिन्यांत पूर्ण विनिर्देश सादर करता येतो. राज्य नाविन्यता सोसायटीच्या योजनेत पेटंटच्या खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत प्रतिपूर्तीची तरतूद आहे. भारतीय पेटंटसाठी तिची कमाल मर्यादा २ लाख रुपये आणि आंतरराष्ट्रीय पेटंटसाठी १० लाख रुपये आहे.

== पात्रता व निधी ==
केंद्र शासनाच्या फेब्रुवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार, स्थापनेपासून १० वर्षांच्या आतील आणि १०० कोटी रुपयांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला नाविन्यपूर्ण उद्योग स्टार्टअप म्हणून मान्यतेस पात्र ठरवण्यात आला. २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत संकल्पनेच्या सिद्धतेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. हा निधी संवर्धन केंद्रांमार्फत दिला जात असल्याने परिषदेत अशा केंद्राशी झालेली ओळख निर्णायक ठरू शकते.

== मर्यादा ==
परिषदांवर काही आक्षेप घेतले जातात. इंग्रजीत सफाईने बोलणाऱ्यास झुकते माप मिळते, वारंवार स्पर्धा जिंकूनही विक्री होत नाही, आणि काही खासगी आयोजक सादरीकरणासाठी शुल्क आकारतात, असे त्यांचे स्वरूप आहे. शेतमाल प्रक्रियेसारख्या संथ वाढणाऱ्या व्यवसायाला झपाट्याने वाढीची अपेक्षा ठेवणारे भांडवल मानवतेच असे नाही. अशा व्यवसायांसाठी बँककर्ज, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा पंतप्रधान सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना हे पर्याय अधिक अनुरूप ठरू शकतात.

== हेही पहा ==
* स्टार्टअप इंडिया
* स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ
* भौगोलिक मानांकन
* मराठवाडा