मुकादमाची विद्या विद्यापीठात

कोणतेही बांधकाम उभे राहायला दोन प्रकारचे ज्ञान लागते. तुळई किती भार पेलेल, हे पहिले. माणसे, माल आणि पैसा नेमक्या वेळी कामावर कसा आणायचा, हे दुसरे.

पहिले ज्ञान आपल्याकडे लवकर शिकवले जाऊ लागले. गंगा कालव्याच्या कामासाठी जाणकार माणसे हवी होती. म्हणून १८४७ साली रुरकीला महाविद्यालय निघाले. पुण्यात १८५४ साली अशीच शाळा सुरू झाली. तिचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. विश्वेश्वरय्या तिथेच शिकले.

दुसरे ज्ञान मात्र मुकादम आणि कंत्राटदार यांच्या अनुभवातच राहिले. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाने १९३५ साली बांधकामाचे स्वतंत्र शिक्षण सुरू केले. पण या विषयाला गणिताची बैठक मिळाली ती १९५७ च्या सुमारास, ड्यूपाँट या रसायन कंपनीत. कोणते काम कशानंतर करायचे, हे मांडून सर्वांत जास्त दिवस घेणारी साखळी शोधायची. तिच्यातले काम एक दिवस रखडले, की सारे बांधकाम एक दिवस रखडते. स्लॅब घट्ट होईपर्यंत सुतार दारे करू शकतो. गवंड्याला मात्र थांबावेच लागते. हीच 'क्रिटिकल पाथ' पद्धत.

भारतात या विषयासाठी १९८३ साली 'निकमार' ही संस्था स्थापन झाली. म्हणजे रुरकीनंतर तब्बल १३६ वर्षांनी! धरण रखडले, की शेताचे पाणीही रखडते. म्हणून हा उशीर केवळ अभ्यासक्रमाचा नाही. स्नेहसंमेलनाच्या तयारीची अशी साखळी विद्यार्थ्यांकडून जरूर काढून घ्या.